पालीच्या कोरड्या धरणातली दहा मिनिटे

फुटबॉलमध्ये खेळाडूला दहा मिनिटांसाठी मैदानाबाहेर बसवले की त्याला शिस्त लागते, असे मी एकदा वर्तमानपत्रात लिहिले. या मताची प्रत्यक्ष चाचणी पुढच्याच आठवड्यात माझ्या सासुरवाडीला, पालीला झाली. तिचा निकाल छापून आला नाही, कारण क्रीडा पान मीच लावतो.

पालीत फुटबॉल आणला तो दुष्काळाने. धरण आटले, तळ उघडा पडला आणि गावाला प्रथमच सपाट मैदान मिळाले. तिथे आधी क्रिकेट सुरू झाले होते. पण चेंडू जमिनीच्या भेगांत जायचा आणि परत यायचा नाही. (एका सामन्यात चार चेंडू गेले. शेवटच्या चेंडूवर फलंदाज अजून धावतोय, असे गावात सांगतात.) भेगेत मावणार नाही असा चेंडू फुटबॉलचाच होता.

संघ दोन : दूध सोसायटी आणि विकास सोसायटी. आदल्या महिन्याच्या सामन्यात एकाला लाल कार्ड दाखवले, तेव्हा तो गेला, त्याच्यामागे त्याचा संघ गेला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या भावकीने डेअरीला दूध घालणे बंद केले. कायमचे काढण्यापेक्षा तात्पुरते काढावे, हा माझा लेख त्यावरून सुचला होता. तो वाचून दूध सोसायटीच्या चेअरमनांचा फोन आला.

"दाजी, तुमीच लिवलंय न्हवं? मग आता शिटी बी तुमीच धरा."

"मला पंचाचा अनुभव नाही."

"अनुभव कशाला लागतोय? तुमी गावचे जावई. जावयाला कोन शिवी देतंय?"

पंच निवडण्याची इतकी शास्त्रशुद्ध पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मी हो म्हणालो.

सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी मेहुणी रेखा हिचा साखरपुडा होता. उमापूरहून चाळीस पाहुणे येणार होते आणि घरात पिण्यापुरतेही पाणी नव्हते. टँकर तीन दिवसांतून एकदा धरणाच्या बांधावर यायचा, तिथेच घरोघरचे ड्रम मांडलेले असायचे. नियम असा, की आपल्या ड्रमापाशी उभे राहून पाइप आपणच धरायचा. माणूस नसेल तर पाइप पुढच्या ड्रमाकडे जातो. बायको आणि सासूबाई खरेदीला बीडला निघाल्या होत्या, मेहुणा बाप्पा दूध सोसायटीकडून खेळणार होता. उरलो मी.

"सामना सहा वाजून पाच मिनिटांनी संपेल," मी सासूबाईंना सांगितले. "टँकर साडेसहाच्या आधी येत नाही. पंचवीस मिनिटे हातात आहेत."

"ध्यानात ऱ्हाईल न्हवं?" त्यांनी विचारले. बत्तीस वर्षांच्या पत्रकाराला हा प्रश्न जरा लागला.

पाचला सामना सुरू झाला. प्रत्येकी सात खेळाडू. पूर्वार्धात एकाने दुसऱ्याचा शर्ट ओढला. मी पिवळे कार्ड दाखवून त्याला बाहेर बसवले. दहा मिनिटांनी तो परत आला आणि ज्याचा शर्ट ओढला त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चुकलं गड्या." मी मनातल्या मनात दुसऱ्या लेखाचा मथळासुद्धा लावला.

पाच वाजून सदतीस मिनिटांनी विकास सोसायटीच्या महादेवला मी पाय अडकवल्याबद्दल बाहेर काढले. पाच बेचाळीसला टँकरचा हॉर्न वाजला. माझ्या अंदाजापेक्षा तो अठ्ठेचाळीस मिनिटे आधी आला होता.

महादेव बांधावर बसला होता, तो उठून पळाला. बरोबर दहाव्या मिनिटाला तो मैदानात परतला, छातीपर्यंत भिजलेला. दुष्काळात ओला शर्ट गोलपेक्षा जास्त दिसतो. खेळ क्षणभर थांबला आणि उरलेल्यांनी आधी महादेवकडे, मग माझ्याकडे पाहिले.

"दाजी, मी ह्याला ढकललं," एक जण पुढे येऊन म्हणाला.

"मी पाहिलं नाही."

"मग आता बघा." त्याने शेजारच्याला पुन्हा ढकलले, जरा हळूच.

मी त्याला बाहेर काढले. ढकलला गेलेला तक्रार घेऊन आला. "त्यो एकलाच कावून? मी बी त्याला मनात शिवी दिली."

"मनातली धरत नाहीत."

त्याने ती मोठ्याने दिली. देण्याआधी "तुमाला न्हाई हं दाजी" असे स्पष्ट केले. तोही गेला. त्यानंतर दोन विरोधी खेळाडू माझ्यासमोर आपसांत बोलत होते. "आधी तू मला पाड, मग मी तुला पाडतो." "लागंल ना बे." "न्हाई लागत, पाड निवांत." इतका सामंजस्याचा फुटबॉल दोन्ही सोसायट्यांत कधी झाला नव्हता. दूध सोसायटीचा गोलरक्षक तर चेंडू काखेत मारून थेट टँकरकडेच निघाला आणि जाता जाता म्हणाला, "कार्ड मागनं दाखवा."

मी सामना थांबवू शकलो असतो. पण थांबवला असता तर माझा नियम फसला असे झाले असते, आणि लेखावर माझे नाव होते.

तेवढ्यात बांधावर रेखा दिसली. दोन्ही हात वर करून ती ओरडत होती. मला वाटले, हाताला चेंडू लागल्याचे अपील आहे. मी नकारार्थी मान हलवली.

"दाजी, पाइप आपल्या ड्रमाजवळ आला! माझ्या हाताला मेंदी हाय, मला धरता येत न्हाई!"

बाप्पा धावत आला. "दाजी, मला काढा."

"तू काय केलंस?"

"काईच न्हाई."

"मग कसा काढू? तू माझा मेहुणा. लोक पक्षपात म्हणतील. काहीतरी गुन्हा कर."

बाप्पा मुळात गरीब स्वभावाचा. तरी तो गुन्ह्याच्या शोधात निघाला. अडचण अशी, की गुन्हा करायला समोर कोणी उरले नव्हते. विकास सोसायटीचा फक्त गोलरक्षक जागेवर होता, आणि ते बाप्पाचे शाळेतले गुरुजी होते. बाप्पा दात-ओठ खात पूर्ण मैदान धावला, गुरुजींसमोर थांबला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

"मोठा हो," गुरुजी म्हणाले. नियमांत यासाठी कार्ड नाही.

मग मी स्वतःच मैदान सोडले. शिटी गुरुजींच्या हातात दिली, स्वतःलाच पिवळे कार्ड दाखवले आणि बांध चढलो. वर पोहोचलो तेव्हा चालक पाइप गुंडाळत होता. आमचा ड्रम कोरडा होता. त्याच्याभोवती मी बाहेर काढलेले सगळे जण भरलेल्या भांड्यांसह उभे होते. महादेवही होता, त्याने स्वतःला पुन्हा बाहेर काढून घेतले होते.

"तुमाला कुनी काढलं, दाजी?" त्याने विचारले.

"मीच."

"कावून?"

"मैदान सोडलं म्हणून."

त्याने यावर विचार केला, मग ड्रमात वाकून पाहिले, मग मेंदीचे हात वर धरून रडवेल्या चेहऱ्याने उभ्या असलेल्या रेखाकडे पाहिले. त्याने आपला हंडा आमच्या ड्रमात ओतला. त्याच्यामागे शिवी देणारा आला, मग ज्याला शिवी दिली तो आला. कोण कोणत्या सोसायटीचा, हे कोणी पाहिले नाही. अकरा हंड्यांत ड्रम गळ्यापर्यंत आला. मी आभार मानू लागलो, तर गोलरक्षक म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पुढच्या टायमाला बी पंच तुमीच."

दुसऱ्या दिवशी साखरपुडा नीट झाला. चाळीस पाहुणे जेवले, पाणी पुरले. उमापूरच्या एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी माझ्याकडे बोट दाखवून सासूबाईंना विचारले, "थोरले जावई काय करत्यात?"

पानावर वाढता वाढता त्या म्हणाल्या, "काईच करत न्हाईत."

मी ते वाक्य संपादकाच्या नजरेने दोनदा तपासले. दुरुस्त करण्यासारखे त्यात काही सापडले नाही.