मेश्रामताईंचा शुक्रवार

मेश्रामताई आठवड्यातले सहा दिवस पळायच्या आणि शुक्रवारी चालायच्या. मस्कतच्या अल खुवैर भागात आमच्या कंपनीचं ऑफिस होतं. तिथे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातानाही त्या बस सुटत असल्यासारख्या निघत. काखेत पाइपलाइनच्या नकाशांची गुंडाळी आणि तोंडी एकच शब्द, "चला!" साइटवर जायचं असो, चहाला असो की मोठ्या साहेबाशी भांडायला. आमचा मल्याळी टायपिस्ट त्यांना 'चला-मॅडम' म्हणायचा. तेच त्यांचं आडनाव आहे, अशी त्याची बरीच वर्षं समजूत होती.

ताई नागपूरकडच्या, पाण्याच्या कामातल्या इंजिनियर. यजमान युनिव्हर्सिटीत शिकवायचे, घर अल खौदला. नव्वदच्या दशकात त्यांनी आम्हा आठ-दहा मराठी कुटुंबांना चालायला बाहेर काढलं. "इथं माणूस घरातून गाडीत अन् गाडीतून ऑफिसात. पाय काऊन दिले मंग?" थंडीच्या महिन्यांत दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी अल मवालेहच्या भाजीबाजारापाशी जमायचं, संत्री-केळी घ्यायची आणि डोंगराखालच्या एखाद्या गावात फलजच्या काठाने चालायचं. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी खजुरीच्या बागांना पोचवणारा अरुंद दगडी कालवा. शेवटी गावाबाहेरच्या रेस्ट हाऊसमध्ये जेवण. कुणीतरी या प्रकाराला 'चालते व्हा मंडळ' असं नाव दिलं. ताई इतक्या हसल्या की तेच कायम झालं.

फलजपाशी पोचल्या की ताई बदलत. "पंप नाही, मोटर नाही, फक्त उतार! असा उतार कोणी काढून दाखवा, मी नोकरी सोडते," असं म्हणून त्या पाण्यात एक वाळकं पान सोडत आणि त्याच्या बरोबरीने चालू लागत. पानाच्या पुढे कुणी जायचं नाही. आमची पोरं एरवी आपसात इंग्रजीच बोलायची, पण पान अडकलं की "सोडवा, सोडवा!" म्हणून मराठीत ओरडायची. इंग्रजीत ओरडलेलं पानाला कळत नाही, असं ताईंनी त्यांना पढवलं होतं.

जेवायला मात्र एकच लांब टेबल लागे. सुरुवातीला बिअरवाले एका कोपऱ्यात, शाकाहारी दुसऱ्या, बायका तिसऱ्या, असे आम्ही पांगायचो. ताईंनी स्वतः टेबलं ओढून जोडली. "ज्याला जे प्यायचं ते प्या, जे खायचं ते खा. पण बसायचं एकत्र."

एका हिवाळ्यात माझी आई रत्नागिरीहून आली होती. हॉटेलचं ती खात नसे, म्हणून स्वतःचा डबा घेऊन निघाली. ताई तिचा हात धरून चालत होत्या, पाठोपाठ मी. थोडं अंतर गेल्यावर आईने विचारलं, "मेश्राम म्हणजे तुम्ही कोण?"

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.

"जे तुमच्या मनात आलं नं आई, तेच आम्ही," ताई म्हणाल्या. आवाज चढला नाही की पडला नाही. "आता खाली बघून चाला. इथला दगड हलतो."

आईने हात सोडवून घेतला. आई पुढे, ताई मागे, अशा दोघी चालत राहिल्या. पुढे काठावर शेवाळ होतं. तिथे आईचा पाय घसरला आणि ती गुडघाभर पाण्यात गेली. मी धावेपर्यंत ताईंनी बुटांसकट पाण्यात उडी घेऊन तिला मागून कवेत धरलं होतं. लागलं काही नव्हतं, पण लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं.

"भाऊ, तुम्ही व्हा पुढं," ताई म्हणाल्या. "आम्ही बसतो जरा."

मी आईकडे पाहिलं. तिने ताईंचा दंड घट्ट धरला होता. "जा रे तू," ती म्हणाली.

रेस्ट हाऊसमध्ये आम्ही तासभर वाट पाहिली. डाळ थंड झाली, बिअर गरम झाली. अखेर दोघी आल्या, अर्धवट वाळलेल्या कपड्यांत, कशावरून तरी हसत. आई ताईंच्या शेजारी बसली, डबा उघडला आणि दोन घावनं त्यांच्या ताटात वाढली. "खा गो. माझ्यापायी भिजलीस."

परतताना गाडीत मी विचारलं, "काय बोललात एवढं?"

"माझं चुकलं, असं सांगितलं तिला."

"मग?"

"म्हणाली, बरं झालं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ताईंना गाठलं. "ताई, आईच्या वतीने मी माफी..."

"आईचं आई बोलल्या. तुम्ही मागंच होते नं? ऐकलं नं? मग काऊन नाही बोलले?"

त्यांनी नकाशे उचलले. "चला, गाडी थांबली आहे." तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यानंतर कुणी कुणाला आडनावाचा अर्थ विचारू लागलं की मी मध्ये बोलायला शिकलो.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी मेश्रामसरांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि दोघं नागपूरला परतली. विमानतळावर रडारड होऊ नये म्हणून ताईंनी आम्हाला घरीच निरोप दिला. मंडळ आम्ही चालू ठेवलं. ताईंइतकी शिस्त मात्र कुणाला जमली नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी मी नेहमीसारखा आईला फोन लावला. बराच वेळ उचलला नाही. मग धापा टाकत आई म्हणाली, "मेश्राम आलीये. चार दिवस ठेवून घेतलीये."

"बरं, दे त्यांना फोन."

"हात पिठाचे आहेत तिचे. एवढी इंजिनियर, पण तांदळाची भाकरी थापता येत नाही, कडेला चिरा पडतात. शिकवतेय. तवा तापलाय, तू मागाहून कर."

आणि तिने फोन ठेवला.