भरलेलीच समजायची

माझी मुलगी कर्जतच्या कॉलेजात एनसीसीला गेली, तेव्हा मला वाटलं होतं, परेड करील, पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर उभी राहील, फार तर बुटांचं काळं पॉलिश माझ्याकडे शिवायला आलेल्या ब्लाउजपिसांना लावून ठेवील. दहिवलीतली आमची खोली लहान. एका बाजूला माझी शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला तिचे बूट. पहिल्या कॅम्पहून ती परतली ती रापून, कोपरं सोलवटून घेऊन. पालथं पडून रायफल चालवली म्हणाली.

"नेम लागला का गं?" मी विचारलं.

"लागला थोडाफार. पण उस्तादांनी आधी गोळीच दिली नाही." उस्ताद म्हणजे त्यांना शिकवणारे फौजेतले हवालदार. "नुसतं धरायला शिकवलं. बंदूक कायम भरलेलीच समजायची. नळी माणसाकडे वळवायची नाही. बार काढायचं नक्की होईपर्यंत बोट घोड्यावर न्यायचं नाही. नेम धरला तर त्याच्या मागं कोण उभं आहे तेही बघायचं. आणि कुणी रिकामी म्हणून हातात दिली, तरी आपण उघडून बघायची."

जेवताना ती हे असं सांगत होती, जशी मी तिला लहानपणी रस्ता ओलांडायचं सांगायचे.

माझा थोरला भाऊ खालापूरकडे राहतो. जमिनीच्या व्यवहारांत त्याचं बरं चाललंय. माझे मालक गेले तेव्हा याच भावानं न सांगता टेंपोत घालून ही शिलाई मशीन आणून दिली होती. जीव लावणारा माणूस. फक्त रुबाबाची हौस फार. त्याच्याकडे लायसनचं रिव्हॉल्व्हर आहे आणि लग्नकार्यात ते कमरेला असल्याशिवाय त्याला कपडे घातल्यासारखे वाटत नाहीत.

त्याच्या मुलाची हळद होती. ऊन उतरत आलं होतं, मांडवात डीजे लागला होता, नवरा मुलगा हळदीनं माखून पाटावर बसलेला. खोपोलीला दिलेली भावाची मुलगी समोर बसून मोबाईलवर रील काढत होती. कुणीतरी म्हणालं, नुसती हळद काय काढताय, जरा दम येऊ द्या. भावानं हसत कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि मुलाच्या हातात दिलं. हळदीनं बुळबुळीत झालेला हात, बोट घोड्यावर, आणि नळी थेट बहिणीच्या मोबाईलकडे. लोक टाळ्या वाजवत होते.

माझी मुलगी उठली. ती समोरून गेली नाही, मांडवाच्या कडेनं वळसा घालून पाटाच्या मागं गेली आणि वाकून म्हणाली, "दादा, बोट बाहेर काढ. हां. आता नळी खाली, मातीकडं. तशीच धर."

तिच्या आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. म्हणूनच बहुधा त्यानं ऐकलं.

"अगं रिकामी हाय ती," भाऊ म्हणाला. "सकाळीच मी गोळ्या काढल्यात."

"असेल मामा. मी बघते."

तिनं दादाच्या हातातून ते घेतलं, नळी जमिनीकडेच ठेवून गोळ्यांचा गोल भाग बाजूला उघडला, उजेडात धरला आणि करंगळीनं एकेक भोक चाचपलं. डीजेवाल्यानं आवाज बंद केला होता. मला काय सुचलं कोण जाणे, मी हातातलं हळदीचं ताट खाली ठेवलं आणि तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

रिव्हॉल्व्हर खरंच रिकामं होतं.

मांडवात हशा पिकला. "झाला का पंचनामा?" मागून एकानं विचारलं.

"झाला," ती म्हणाली. "रिकामी होती ते आत्ता कळलं." मग तसंच उघडं, मुठीकडून तिनं ते मामाच्या हातात दिलं. "मामा, कुलपात ठेवा. हळदीत हिचं काम नाय."

भावाचा चेहरा उतरला. तो ते घेऊन घरात गेला. माझी एक चुलत जाऊ कुजबुजली, "पोरीला लईच शिकवून ठेवलंस."

"मी नाय शिकवलं," मी म्हणाले. "पण शिकली, ते बरं झालं."

लग्न पार पडेपर्यंत भाऊ आमच्याशी मोजकंच बोलला. मुलीला वाईट वाटलं. मामाचा तिच्यावर लहानपणापासून लोभ. पण "मी करायला नको होतं" असं ती एकदाही म्हणाली नाही, आणि मीही तिला माफी मागायला लावलं नाही.

मग एका सकाळी त्याचा फोन आला. "बाय, रविवारी पोरीला घेऊन ये."

आम्ही एसटीनं गेलो. चहा व्हायच्या आत तो मुलीला आतल्या खोलीत घेऊन गेला. कपाट उघडलं. शर्टांच्या घडीखाली रिव्हॉल्व्हर, त्याच पिशवीत गोळ्या, आणि कपाटाची चावी दाराच्या खिळ्याला.

"लेकीनं खोपोलीहून फोन केलेला," तो म्हणाला. "म्हणाली, बाबा, तुमी एखादी काढायची इसरला असता तर? आता तिचा पोरगा इथं येऊन-जाऊन असतो. त्याचा हात खिळ्याला पुरतो. तू सांग, कसं ठेवू."

तिनं मामाला आधी स्वतः रिव्हॉल्व्हर उघडून बघायला लावलं, मग पुन्हा बघायला लावलं. गोळ्या वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात. दोन्ही चाव्या फक्त त्याच्याकडे, घरात इतर कुणाला जागा ठाऊक नको. "आणि प्यालेलं असताना हात लावायचा नाय," ती म्हणाली. वहिनी दारात उभी होती, ती चटकन म्हणाली, "हे परत एकदा सांग गं."

भाऊ हसला, बऱ्याच दिवसांनी.

जेवून निघालो तेव्हा तो स्टँडपर्यंत सोडायला आला. पानाच्या टपरीवर गावातली माणसं बसली होती. त्यांतल्या एकाकडे शेतीरक्षणाची जुनी बंदूक आहे. भावानं त्याला हाक मारली. "ही माझी भाची. तुझी बंदूक कशी ठेवलीस ते हिला सांग. चुकलास तर ही सोडणार नाय."

मुलगी संकोचली. "मामा, मी नुसती कॅडेट हाय."

पण त्या माणसानं तिच्यासाठी बाकावर जागा केली. ती बसली आणि विचारायला लागली, बंदूक कुठं टांगता, काडतुसं कुठं असतात. एसटी आली, गेली. मी तिला हाक मारली नाही. पोटाशी पिशवी धरून तिथंच उभी राहिले आणि जो कुणी बघेल त्याला सांगत होते, माझी मुलगी आहे.