मिठाचा पिवळा उजेड

बायकोबरोबर केलेलं माझं शेवटचं काम म्हणजे भरीत. मोठं काही नाही. मी अंगणात कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून वांगी भाजली, तिनं साल काढून मिरच्यांबरोबर लाकडी बडगीत ठेचली. हिवाळ्यात आमच्या धरणगावकडे घरोघरी हेच चालतं. लोक मला आता विचारतात, शेवटच्या दिवशी काहीतरी जाणवलंच असेल ना. काही जाणवलं नाही. जाणवलं असतं तर भरीत करत बसलो असतो का?

नात आमच्याजवळच राहते. तिचे आईबाप पोटासाठी सुरतेला. ती रोज एसटीनं जळगावला कॉलेजात जाते. दुसऱ्या दिवशी तिची प्रॅक्टिकलची परीक्षा होती, म्हणून गॅसपाशी उभी राहून ती तोंडानं काहीतरी घोकत होती. बायको फोडणीची कढई खाली उतरवते न उतरवते, तोच पोरीनं डब्यातलं चिमूटभर मीठ उचललं आणि निळ्या जाळावर टाकलं. जाळ एकदम पिवळाधम्मक झाला.

"मीठ काय फुकटनं शे का वं?" बायको ओरडली.

"आजी, रंग बघ ना! हा मिठातल्या सोडियमचा रंग. दुसऱ्या कशाचा असा येत नाही. उद्या मला हेच करायचंय, दुर्बिणीसारख्या यंत्रातून उजेड बघायचा आणि तो कशाचा ते सांगायचं."

"हात नही लावता समजस?"

"हात न लावता. सूर्यावर काय आहे तेसुद्धा असंच कळलं."

मग तिनं आम्हाला सगळं सांगितलं. मी चौथी शिकलेला माणूस, जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस ओढण्यात हयात गेली. जेवढं कळलं तेवढंच लिहितो. या विद्येचं नाव स्पेक्ट्रोस्कोपी, मराठीत वर्णपटविज्ञान. वर्ण म्हणजे रंग, पट म्हणजे कापड. एका साहेबानं अंधाऱ्या खोलीत तिकोनी काचेतून ऊन सोडलं, तर भिंतीवर रंगांचा पट्टा पडला. त्याला त्यानं जुन्या भाषेतला शब्द लावला, स्पेक्ट्रम. त्याचा अर्थ दिसलेली आकृती, आभास. कोणी भूत म्हणायलाही तोच शब्द वापरत. पुढे कितीतरी वर्षांनी त्याला ‘बघणं’ या अर्थाचा शब्द जोडला आणि त्या पट्ट्याची बारीक तपासणी करायच्या विद्येचं हे नाव पडलं. मधल्या काळात काच घासणाऱ्या एका कारागिराला उन्हाच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसल्या, कापडात काळे धागे यावेत तशा. त्या कशाच्या, हे त्यालाही सांगता आलं नाही. नंतर दोघा मित्रांनी जाळावर एकेक क्षार जाळून त्याचा उजेड तशाच काचेतून बघितला. मिठाची पिवळी रेघ जिथं येते, बरोबर तिथंच उन्हात काळी रेघ. म्हणजे जे आमच्या डब्यात, ते सूर्यावर.

"अन् आजी, आपल्याच देशात खग्रास ग्रहण लागलं होतं, तेव्हा परदेशातून लोक यंत्रं घेऊन आले. त्या ग्रहणात एक पिवळी रेघ सापडली. वाटलं मिठाचीच. पण जराशी बाजूला! ती पृथ्वीवरच्या कशाशीच जुळेना. मग तिला सूर्याचंच नाव दिलं, हेलियम. इथं जमिनीवर तो वायू फार उशिरा सापडला."

बायकोचं लक्ष दुसरीकडेच. "ग्रहणमा घरमा नही बसनात त्या लोके?"

"बसले असते तर दिसलं नसतं."

तिनं जरा विचार केला. "हां, हाई बराबर शे." आयुष्यभर ग्रहणात दार लावून बसलेली बाई ही. मग माझ्याकडे बोट केलं. "मंग ह्या मानूसना आंगमा काय शे, ते बी सांग."

"आबांना जाळावं लागेल, आजी. तापल्याशिवाय उजेड नाही."

"त्या तं जलमभर जळीच ऱ्हायनात," ती म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की बडगी कलंडता कलंडता राहिली. या गडबडीत बायकोनं भरितात मीठ दोनदा टाकलं. पहिल्याच घासाला मी म्हणालो, खारट झालंय. "मंग नका खाऊ," ती म्हणाली. मी खाल्लं. तिनंही खाल्लंच, पोरीनंही. त्यानंतर भांडी घासून झोपली.

सकाळी उठलीच नाही.

रडणं वगैरे मी लिहिणार नाही. ज्याचं त्याला माहीत.

उजाडता उजाडता अंगण भरलं. तिचं माहेर धुळ्याकडचं. आमच्यात बाईला माहेरचं लुगडं नेसवल्याशिवाय उचलत नाहीत. त्यांना फोन गेला, मुलाला सुरतेला गेला. सगळे यायचे म्हणजे दुपार टळणार होती. नात एका कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. तिची बॅग खुंटीला तशीच, आदल्या रात्री भरलेली.

मी बॅग काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "ऊठ. तोंड धू."

माझा धाकटा भाऊ शेजारीच राहतो. तो आडवा आला. "भाऊ, काय करताय? घरात सूतक आहे. मयत झाकून ठेवलंय आणि पोरगी परीक्षेला?"

"लुगडं येईस्तोवर तुझी वहिनी थांबणारच आहे ना? परीक्षा थांबत नाही. वर्ष जाईल पोरीचं."

"जाऊ द्या वर्ष! आणि ती यायच्या आत उचलायची वेळ आली तर?"

"तर उचलू."

"शेवटचं तोंड बघणार नाही ती?"

"तोंड तिनं काल बघितलं. हसतं. याच्याहून चांगलं काय दाखवणार आहेस तू तिला?"

बायकांत कुजबुज सुरू झाली. आबांचं डोकं फिरलं. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, सूतकातल्या पोरीनं चार जणांत मिसळू नये, लोकांना बाधा होते. मी म्हणालो, "ज्याला बाधा होईल त्याला माझ्याकडे पाठवा." कोणी आलं नाही अजून.

खरी अडचण पोरीचीच. ती म्हणाली, "आबा, माझ्यानं होणार नाही. डोळ्याला काही दिसणार नाही." मी तिच्याजवळ खाली बसलो. कोणाला वाटेल मी समजावलं. मला समजावता येत नाही. मी एवढंच म्हणालो, "तुन्ही आजीले पटनं ना काल? घरमा बसनं तं दिसत नही. तू जाय. मी शे आठे."

ती उठली.

तेवढ्यात कोणीतरी भरिताचं पातेलं उचलून बाहेर टाकायला निघालं होतं. मयताच्या घरातलं शिजलेलं अन्न ठेवत नाहीत. मी ते हातातून काढून घेतलं. रात्रीच्या दोन भाकरी होत्या. त्यात भरीत घातलं, फडक्यात बांधलं आणि बॅगेत ठेवलं. दिवसभर उपाशी पोरगी यंत्रात काय बघणार? पाठीमागे एक बाई रामराम म्हणत बसली. म्हणू दे.

स्टँडपर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. ओळखीचे लोक बघत होते, मी त्यांच्याकडे बघत होतो. आधी त्यांनीच नजर खाली घातली. गाडी आली. ती पायरीवर चढली आणि वळली.

"आबा, भरीत खारट आहे."

"मंग पानी पी वरतून."

गाडी जळगावच्या रस्त्याला लागली. मी घरी आलो, अंगणातल्या सगळ्यांच्या मधून आत गेलो, आणि लुगडं येईपर्यंत बायकोजवळ बसून राहिलो.