पडद्यावरच्या तीन भाषा

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं, आणि लिहिणं हे आपलं काम आहे असं मला अजूनही वाटत नाही. काही कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. शिकवणाऱ्याबद्दल वाईट लिहू नये हेही कळतं. तरी लिहितो आहे, कारण तो राग अजून गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. बीदरच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या, एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होतो. वडील जनवाड्यात दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जायचे. प्रोजेक्टमध्ये नापास झालो तर स्कॉलरशिप बंद, आणि मग परत गावाकडं. हे मला माहीत होतं आणि प्रोजेक्ट बघणाऱ्या सरांनाही.

प्रोजेक्ट दोघांत मिळून एक असे. माझा जोडीदार चिटगुप्प्याच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. तो खुर्चीत मागं रेलून बसायचा, मी टाईप करायचो. निर्णा, जनवाडा आणि चिटगुप्पा इथल्या पावसाच्या नोंदी एकत्र करून बेरीज दाखवायची, एवढंच काम. पण सरांची अट अशी की तिन्ही गावांचं वाचन एकाच वेळी चाललं पाहिजे. आज असल्या कामाला थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे समांतर धागे, वापरतात. आम्ही स्क्रिप्टमधून, म्हणजे हुकमांच्या एका यादीतून, तीन कामं एकदम चालू करायचो, आणि तिन्ही एकाच पडद्यावर लिहायची.

बेरीज दर वेळी वेगळी यायची. आत काय चाललंय ते दिसावं म्हणून मी मधेमधे 'रीडिंग', 'रायटिंग' असं छापायला लावलं. तर ओळी एकमेकींत घुसायच्या. एकीचं डोकं, दुसरीचं शेपूट. कोणत्या गावाचं काम बोलतंय तेच कळेना.

जोडीदार म्हणाला, "तुझा हात लागला की मशीन बी येड्यावाणी करायलंय बघ."

मग मला सुचलं. बीदरच्या बाजारात मराठी, कन्नड, दखनी उर्दू सगळं चालतं, आणि पाठमोरा माणूससुद्धा बोलण्यावरून ओळखू येतो. मी जनवाड्याला मराठी दिली, निर्ण्याला कन्नड आणि चिटगुप्प्याला दखनी. तिघांच्या एकाच फाईलमधली आतापर्यंतची बेरीज उचलताना जनवाड्याचं काम म्हणायचं 'घेतलो', निर्णा 'तगोंडे', चिटगुप्पा 'लिया'. आपला पाऊस मिळवून ती परत ठेवली की 'ठेवलो', 'इट्टे', 'रख्या'. सगळं इंग्रजी अक्षरांत. आता ओळ तुटली तरी अर्ध्या शब्दावरून गाव कळायचं.

आणि मग लक्षात आलं, ओळी छापायला लागल्यापासून बेरीज बरोबर येत होती. वीस वेळा चालवून बघितलं, वीसही वेळा बरोबर. का बरोबर येते हे मला कळलं नव्हतं. चूक गेली असं धरून मी गप्प बसलो. ती माझी चूक.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सर आले. तेही आमच्याच भागातले, मराठीच बोलणारे. पडद्यावर वाकून म्हणाले, "हे काय लिवलास?"

"सर, कोणतं काम बोलायलंय ते कळावं म्हणून..."

"लॅब हाय का बीदरचा बाजार? उद्या बाहेरचे परीक्षक येयलेत. कुठून कुठून पोरं गोळा करून भरलेत म्हणतील."

"पण सर, ह्या ओळी काढल्या की..."

"काढ म्हणलो न्हवं? का आता तू मला शिकवायलास?"

जोडीदार हसला. "काढ की अण्णा. गाव गावातच ठेवावं."

मी त्यांच्यासमोर ओळी काढल्या. एकदा चालवलं, नशिबानं बरोबर आलं. सर गेले.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी बेरीज हातानं करून ठेवली होती. पडद्यावरची चुकली. पुन्हा चालवलं तर तिसराच आकडा.

"असं का होतं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"सर, ओळी छापत होतो तेव्हा बरोबर येत होतं."

सर परीक्षकांकडं बघून हसले. जोडीदार लगेच म्हणाला, "बेरजेचा भाग ह्येनं लिवलाय सर. वाचायचा माझा." त्यानं एक बटणही दाबलं नव्हतं.

परीक्षकांनी ओळी परत घालायला सांगितल्या. घातल्या, आणि बेरीज बरोबर आली. "आता का आली?" मी पुन्हा त्या ओळींकडंच बोट दाखवलं. सरांनी फाईल मिटली. "वेळ संपला. पुढची जोडी."

सगळ्या जोड्या आटोपल्यावर बाहेर नळावर पाणी पिताना लख्ख कळलं. दोन कामं एकाच वेळी तीच जुनी बेरीज उचलत होती. दोघंही तीत आपापला पाऊस मिळवायची, आणि मागून ठेवणारा पहिल्याचं पुसून टाकायचा. पडदा सावकाश लिहायचा, त्यामुळं ओळी छापायच्या असल्या की प्रत्येक कामाला पडद्यासाठी थांबावं लागे आणि कामं आपोआप एकामागून एक जात. एकानं ठेवल्याशिवाय दुसऱ्यानं उचलायचं नाही, एवढंच घालायचं राहिलं होतं. मी पळत गेलो. सर लॅबला कुलूप लावत होते.

"सर, कारण सापडलं. दोघंबी एकदमच घेयलेत..."

"गुण लिहून झाले."

"परीक्षक अजून चहा प्यायलेत सर. दोनच मिनिटं."

"कामून मागं लागलास? तुमच्या लोकांना किती बी द्या, कमीच पडतंय. चल, निघ."

'तुमचे लोक' हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते कुलूप त्यांच्या तोंडावर फेकावं असं वाटलं. मी "व्हय सर" म्हणालो आणि निघालो. त्या 'व्हय'बद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

मी गावी आलो. ज्यांच्या खानावळीच्या वरच्या खोलीत मी राहत होतो, त्या अप्पांकडं आम्हा दोघांचे नंबर आणि पत्ता घातलेलं एक कार्ड ठेवून आलो होतो. निकाल लागला की कॉलेजचा बोर्ड बघून कळवतो, असं ते म्हणाले होते. महिन्याभरानं ते कार्ड जनवाड्याला आलं.

"बोर्ड बघितलो. सोबतच्या पोराचा नंबर हाय. तुमचा न्हाई. दोनदा बघितलो. खोली सोडणार का ते कळवा, दुसरं गिऱ्हाईक इचारायलंय."