गोरक्षनाथाने रस्ता जवळ आणला

आमच्या तिसगावात कुणी नवा माणूस गोरक्षनाथला भेटला, तर त्याला आधी जीपचं ॲव्हरेज कळतं आणि मग गोरक्षनाथचं नाव. त्याचं घर माझ्या घराला लागून, मधे एक शेवग्याचं झाड तेवढं. त्यामुळे ते ॲव्हरेज मला माझ्या बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ आहे. चौदा. "डिझेल पीत न्हाई ती, नुसती हुंगती," असं तो सांगतो. पंपावर टाकी भरली की हा खाली उतरून जीपला दोन्ही हातांनी गदागदा हलवतो. त्याने फेस बसतो आणि आणखी थोडं डिझेल मावतं म्हणे. मागे रांग लागते, लोक भोंगे वाजवतात. गोरक्षनाथ आपला देवाची पालखी झुलवावी तशी जीप झुलवत असतो.

त्याची एकुलती लेक रेश्मा राहात्याला दिलेली. गेल्या हिवाळ्यात तिला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा तो आणि त्याची बायको लंकाबाई तिला बाळंतपणाला कधी आणायचं ते ठरवायला गेले होते. सातव्या महिन्यात न्यायचं, असं ठरलं. व्याही आप्पासाहेब पेरूच्या बागेचे मालक, अंगणात खोलीएवढी काळी गाडी. ते म्हणाले, "व्याही, पोरीला आमच्याच गाडीनं पाठवतो की. तुमची जीप तिकडं उभी हाय व्हय? मगाशी मागं घेताना आरशात दिसलीच न्हाई."

सगळे हसले. गोरक्षनाथही हसला. मग म्हणाला, "पहिल्या बाळंतपणाला लेक बापाच्या गाडीतून येती, पाव्हणं. आमच्यात तसंच हाय."

"या मग घेऊन," आप्पासाहेब म्हणाले. "आमी जरा खाली वाकून बघू."

एवढं बोलणं पुरलं. परतीच्या वाटेवर नागापूरच्या एमआयडीसीत एक टायरचं दुकान लागतं. गोरक्षनाथने जीप तिथे वळवली आणि जीपखाली कसेबसे मावतील असे दुकानातले सगळ्यात मोठे टायर मागितले. दुकानदार राधाकृष्ण, सरळ माणूस. तो म्हणाला, "काका, इंजिन तेच ऱ्हानार हाय. गाडी जड पडंल, घाटात जोर कमी येईल, डिझेलबी जादा लागंल."

"तू टायर बसव," गोरक्षनाथ म्हणाला. "इंजिनाशी माझं मी बोलतो."

जीप गल्लीत शिरली तेव्हा मला वाटलं, कोणीतरी उंटावरून येतंय. जुने चार टायर त्याने मागे टाकून आणले होते. टाकून देणं हे त्याच्या रक्तातच नाही. मी ते मागून घेतले. माझा मुरघास नुकताच भरून झाला होता, म्हणजे गायींसाठी हिरवा मका कुट्टी करून खड्ड्यात दाबून, वर प्लास्टिक टाकून हवाबंद केला होता. त्या प्लास्टिकवर वजन लागतं. "ने की," गोरक्षनाथ म्हणाला, "मला काय करायच्यात त्या बांगड्या."

लंकाबाई मात्र जीपशेजारी कमरेवर हात ठेवून उभी होती. बाई उंचीला बेताची आणि गुडघ्यांनी कुरकुरणारी. तिला नागापूरहून कसं चढवून आणलं ते दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बघितलं ते एवढंच: आधी पालथं घमेलं, त्यावर पाट, त्यावर लंकाबाई.

"भावजी, हसा," ती मला म्हणाली. "हत्तीवर बसताना निदान साखर तरी वाटत्यात."

पुढच्या आठवड्यात तो नगरला जाऊन आला आणि थेट चहाच्या टपरीवर आला. चेहरा असा की सरपंचपद बिनविरोध मिळालंय. तिसगाव ते नगर त्याच्या मीटरवर कायम चाळीस किलोमीटर भरायचं. आज छत्तीस भरलं होतं.

"रस्ता चार किलोमीटरनं कमी झालाय," तो म्हणाला.

मला राहवेना. मी म्हणालो, "व्हय, करंजीच्या अलीकडची दोन वळणं सरळ केल्यात. मी बघितलंय." तसं काही नव्हतं. पण रस्त्याचं काम कुठे ना कुठे चालू असतंच, त्यामुळे लोकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतला एक जण एसटीच्या कंडक्टरशी भांडला की अंतर घटलं तर तिकीट का घटलं नाही. कंडक्टरने त्याला बसमधून उतरवलं आणि त्याच्यापुरतं अंतर वाढवून दिलं.

मग ॲव्हरेज निघालं. अकरा.

गोरक्षनाथ दोन दिवस जेवला नाही म्हणतात. मी म्हणतो एकच वेळ, कारण संध्याकाळचा ठेचा मी वासावरून ओळखतो. आधी त्याने पंपावर संशय घेतला. मग टाकीला कुलूप लावलं. मग शेवग्याखालून माझ्याकडे बघून विचारलं, "छगन, तुझ्या हिरीवरचं इंजन कशावर चालतं रे?"

"विजेवर."

"कवापास्नं?"

"तू मला खांब रवायला मदत केल्तीस तवापास्नं."

तो पुटपुटत आत गेला. पण खरी परीक्षा करंजीच्या घाटात झाली. गावातली आठ माणसं घेऊन आम्ही नगरला एका साखरपुड्याला निघालो होतो. हा घाट जीप तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत चढायची. त्या दिवशी तिसऱ्यात तिने मान टाकली, दुसऱ्यात धापा टाकल्या आणि शेवटच्या चढाला पहिल्यात इंजिन असं बोंबलायला लागलं की पुढे बसलेली आक्काबाई कानावर पदर दाबून म्हणाली, "ह्या गाडीला कुनाचं तरी लागलंय." क्लच जळल्याचा वास आला. मागून कांद्याच्या गोण्यांनी लादलेला ट्रॅक्टर आला, आमच्या बरोबरीला आला आणि पुढे गेला. जाताना ड्रायव्हरने आदबीने विचारलं, "गोरखभाऊ, दोरी हाय का, बांधू?"

"इंजनाला नव्या टायरांची सवय व्हतीय," गोरक्षनाथ समोर बघत म्हणाला.

मागच्या बाकावरून लंकाबाईचा आवाज आला. "जातं मोठं आनलं, दळनारा हात त्योच. सवय कसली, हात गळून पडंल."

त्याने तेही पचवलं. राहात्याला जायचा दिवस जवळ आला होता, आणि आप्पासाहेबांच्या आरशात दिसायचं तर टायर मोठेच हवे होते. घाटात माणसं उतरवून जीप चढवू, डिझेल कॅनमध्ये जास्तीचं घेऊ, असा सगळा बेत त्याने केला होता. जायच्या आदल्या दिवशी दुपारी रेश्माचा फोन आला. त्याच्या ओट्यावर मी सुपारी कातरत बसलो होतो, आणि फोन स्पीकरवर होता, त्याला माझा इलाज नाही.

तो लेकीला सांगत होता की रस्ता जवळ झालाय, तुला त्रास होणार नाही. रेश्मा गणितात बी.एस्सी. झालेली. ती हसायला लागली. "आण्णा, रस्ता तेवढाच आहे. मीटर चाकाचे फेरे मोजतंय. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात जास्त पळतंय, म्हणून फेरे कमी. किलोमीटर कमी दिसतायत, म्हणून ॲव्हरेजही खोटंच कमी दिसतंय."

गोरक्षनाथच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तेज आलं. "म्हंजी अकरा न्हाई?"

"बारा असेल. चौदा नाही. जड चाक फिरवायला डिझेल लागणारच की."

"बारा," तो माझ्याकडे बघून म्हणाला, नातू झाल्यासारखा.

तेवढ्यात लंकाबाईने फोन ओढून घेतला. "त्ये ऱ्हाऊ दे. पोरी, ह्या माचाडावर तू चढनार कशी?"

"घमेलं आन् पाट नेतोय की बरूबर," गोरक्षनाथ मधेच म्हणाला.

पलीकडून रेश्मा म्हणाली, "आण्णा, मला आता वाकून चप्पल घालता येत नाही. सासूबाई घालून देतात. पण तुम्ही आणा गाडी. आपल्याच गाडीतून यायचंय मला. बघू कसं ते."

फोन ठेवल्यावर गोरक्षनाथ उठला आणि जीपच्या पायरीपाशी जाऊन उभा राहिला. पायरी त्याच्या गुडघ्याच्या वर येत होती. त्याने एकदा पाय उचलून ठेवून बघितला, पोट पुढे काढून. मग खाली ठेवला. मी हसलो नाही. काही वेळा मलाही कळतं.

"छगन," तो म्हणाला, "त्या मुरघासावरलं टायर..."

"वजन काढलं की हवा शिरती. मका नासंल. गायी मला काय म्हनतील?"

"एक उचलू, एक ठेवू. हे मोठं ठेव तुझ्या खड्ड्यावर."

"आन् गावात काय सांगायचं?"

"काय बी सांगू नको."

"मी कुनाला कधी काय सांगतो का?" मी म्हणालो. पंक्चरवाल्याकडे टायर बदलून होईपर्यंत टपरीवर सगळ्यांना माहीत होतं, पण ते पंक्चरवाल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी राहात्याला मीही गेलो. बोलावलं नव्हतं, पण मागची सीट रिकामी होती. करंजीचा घाट जीप तिसऱ्यात चढली. लंकाबाईने काही बोलू नये म्हणून गोरक्षनाथ गाणं गुणगुणत होता. अंगणात जीप थांबली तशा आप्पासाहेबांच्या दोन गायी दावं ताणून पुढे आल्या आणि मुरघासाचा आंबूस वास लागलेले टायर चाटायला लागल्या.

आप्पासाहेब वाकून बघत होते. "व्याही, आमी तर ऐकलं हुतं की मोठं टायर बशिवलं म्हनून."

"बशिवलं हुतं," गोरक्षनाथ म्हणाला. "काढलं. लेकीच्या पायाच्या मापाचं न्हवतं."

रेश्मा बाहेर आली. लंकाबाईने हात धरायच्या आत तिने पायरीवर पाऊल ठेवलं आणि नेहमीच्या जागी, बापाच्या शेजारी जाऊन बसली. आप्पासाहेब काळ्या गाडीच्या उंच पायरीकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः पेरूची पाटी आणून जीपमध्ये ठेवली.

संध्याकाळी तिसगावात टपरीसमोरून जाताना लोकांनी जीप थांबवली. नगर ते तिसगाव मीटरवर चाळीस भरलं होतं, ते मी मागूनच सांगून टाकलं.

"गोरखभाऊ," चहावाला म्हणाला, "रस्ता परत लांब झाला काय?"

गोरक्षनाथने शेजारी झोपलेल्या लेकीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बरं झालं," तो म्हणाला. "पोरीची झोप तेवढी जादा झाली."