पुण्याच्या गाडीतला मुकादम

परशू गावकर ओंडक्याखाली सापडला तो एकोणीसशे पंचावन्नच्या उन्हाळ्यात. त्याआधी सात वर्षं तो कॅसलरॉकजवळच्या एका लाकूड डेपोत ओंडके चढवायच्या टोळीत होता. टोळीत सोळा गडी. सागाचा ओला ओंडका लॉरीवर घालायचा झाला की बुंध्याची जड बाजू कुणी घ्यायची हे मुकादमाला सांगावं लागत नसे. परशू आपणहून पुढे व्हायचा. त्या दिवशी दोर तुटला, ओंडका घरंगळला आणि त्याच्या दोन्ही मांड्यांवरून गेला. जीव वाचला. पाय जागेवर राहिले, पण लुळे. भार घेईनात, हलेनात. बाकी माणूस होता तसाच होता: तीच रुंद छाती, तेच दंड, तोच भरदार आवाज.

कान्हू सुताराने फणसाच्या फळीला चार लाकडी चाकं बसवून त्याला गाडुला करून दिला. जमिनीपासून वीतभर उंच. दोन्ही हातांत लाकडाचे ठोकळे धरून परशू जमीन मागे सारत अंगणात फिरायचा, दावी वळायचा, पत्रावळी लावायचा. अंगणाबाहेर मात्र जात नसे. बाजारात गेलं की माणसांचे गुडघे तेवढे दिसतात आणि बोलणारा वरून बोलतो, हे त्याला एकदाच जाऊन कळलं होतं. बाहेरचं सगळं त्याची बायको शांती बघायची. भाताची लावणी, जंगलखात्याची रोपं लावायची मजुरी, रामनगरचा बाजार. शांती खानापूरकडची, अंगाने किरकोळ, पण नवऱ्याला पाठीवर घेऊन ती ओढ्यापर्यंत न थांबता जायची.

त्रेसष्ट साली शाळेच्या मास्तरांनी पुण्याच्या एका संस्थेला पत्र लिहिलं. ती संस्था पायांनी अधू झालेल्यांना चाकाची खुर्ची देत असे. उत्तर आलं: माणसाला घेऊन या, माप घेऊन खुर्ची देऊ. मास्तर पत्र घेऊन धावत आले. परशू म्हणाला, "बघू."

बघू, बघू करता तीन महिने गेले. एक दिवस मास्तर वैतागले. "पुण्याला घाबरतोस काय रे?"

"पुण्याचं काय भ्या न्हाई, मास्तर."

"मग?"

परशू खाली बघून दावं वळत राहिला. गाडीत एक दिवस आणि एक रात्र बसायचं. मधे लघवीला लागलं तर काय करायचं, हे मास्तरांना कसं विचारायचं? शेवटी शांतीच म्हणाली, "जाऊया. मी हाय की संगट." तेव्हा तो तयार झाला.

उळवीची जत्रा होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळची गाडी होती. परशूने आदल्या दुपारपासून पाणी पिणं सोडलं. रात्री भात खाल्ला तो कोरडा, आमटीशिवाय. शांतीने तांब्या पुढे केला, त्याने मान हलवली. तिला कारण कळलं. तिने तांब्या परत नेला.

कॅसलरॉकच्या फलाटावर गार्डाने गाडुल्याकडे बघून सांगितलं, "हे आत न्यायचं नाही. सामानाच्या डब्यात टाका." गाडुला गेला आणि परशू फलाटावर उघड्या फरशीवर बसून राहिला. दोन हमाल आले. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले. तिसऱ्या वर्गाचा डबा गोव्याकडून भरूनच आला होता. दारात धोतर वर सरकलं, वाळलेल्या मांड्या उघड्या पडल्या, आणि पुढचा हमाल आत बघून ओरडला, "ह्याला कुठं ठेवायचं?"

नशिबाने मधल्या बाकावर खिडकीशी बसलेला एक जण उतरला होता. हमालांनी परशूला तिथं ठेवलं. शांतीने पटकन त्याच्या कमरेपासून खाली घोंगडी टाकली. बाकावर दुसरी जागा नव्हती. गाठोडं घेऊन ती दाराशी, संडासाच्या भिंतीला टेकून खाली बसली.

परशूच्या समोरचा माणूस इतका वेळ तोंडावर उपरणं घेऊन झोपला होता. तिनईघाटाला तो जागा झाला. गोरा, पन्नाशीचा, कानात भिकबाळी. त्याला समोर दिसला तो खिडकीशी ताठ बसलेला, भरल्या छातीचा एक माणूस.

"कुठं, पुण्याला काय?" त्याने विचारलं. त्याने आपलं नावही सांगितलं. वासूअण्णा शेटे, सांगलीचे, लाकडाचे व्यापारी. गोव्यात माल बघून परत निघाले होते. "तुम्ही इकडचेच? मग जंगलातलं कळत असेल तुम्हाला. हा किंदळ म्हणतात तो घराला कितपत टिकतो?"

परशूने सांगितलं. किंदळ वाशांना चांगला, पण पाण्याशी नको. मत्तीच्या लाकडाला वाळवी लवकर लागत नाही. साग पौर्णिमेच्या आसपास तोडला तर लवकर किडतो, असं जुनी माणसं म्हणतात. अण्णा पुढे सरकून ऐकू लागले. त्यांचे डोळे परशूच्या डोळ्यांसमोर होते, सारख्या उंचीवर. आठ वर्षांत कुणी अनोळखी माणूस त्याच्याशी असा बोलला नव्हता.

"डेपोत असता काय तुम्ही?"

"व्हय," परशू म्हणाला. आणि पुढचा शब्द कसा बाहेर पडला ते त्यालाच कळलं नाही. "मुकादम हाय."

"वाटलंच मला. हे दंड काय बसून झालेत होय?"

लोंढ्याला गाडी बराच वेळ थांबते. चहावाला खिडकीशी आला. अण्णांनी दोन कप घेतले आणि एक परशूपुढे धरला. मुकादमाने चहाला नाही का म्हणायचं? परशूने घेतला. घसा आदल्या दिवसापासून सुकलेला. गरम गोड चहा आत गेला तसं अंगभर बरं वाटलं. अण्णांनी दुसरा घेतला, तोही त्याने प्यायला.

दाराशी बसलेल्या शांतीने हे बघितलं. ती उठली, माणसांतून वाट काढत आली आणि हळूच म्हणाली, "चा नगं हुता घ्यायला."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. ठिगळ लावलेलं लुगडं, अनवाणी पाय, हाताला चिखलाच्या कामाचे घट्टे. "ही कामाची बाई वाटतं तुमची?" ते सहज बोलले. "बाई, एवढा तांब्या भरून आण जा नळावरनं."

परशूने शांतीकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर लोंढ्याचा फलाट होता, तिकडे बघितलं. "व्हय" म्हणाला नाही, "न्हवं" पण म्हणाला नाही. तोंडातल्या तोंडात "हं" असा काहीतरी आवाज काढला. शांतीने अण्णांच्या हातातून तांब्या घेतला, फलाटावर उतरली, भरून आणला, दिला आणि आपल्या जागी जाऊन बसली.

त्यानंतर बोलणं पुढे चालू राहिलं, पण परशूचं त्यात लक्ष लागेना. आता तरी सांगून टाकावं असं दर स्टेशनला त्याला वाटायचं. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. बायको आहे म्हटलं की ती खाली का बसली हे आलं, पाय आले, हमाल आले.

बेळगावला डबा खच्चून भरला. एक म्हातारी बाई लोखंडी ट्रंक घेऊन चढली आणि परशूच्या बाकाशी उभी राहिली. गाडी हलली तशी ती झोकांड्या खाऊ लागली.

"मुकादम," अण्णा म्हणाले, "त्यांना जरा बसू द्या. तुम्ही आम्ही आळीपाळीनं उभं राहू. आणि ती ट्रंक वर टाका बघू, तुमच्यासारख्या गड्याला काय अवघड?"

परशू हलला नाही.

"अहो, ऐकलं का?"

"न्हाई जमायचं," परशू म्हणाला.

बाजूच्या बाकावरचा एक जण मोठ्याने म्हणाला, "रेड्यासारखा बसलाय, आणि म्हातारीला जागा दिना. लाज हाय का?" दुसरा कोणी कानडीत काही बोलला. परशूला कानडी चांगली कळत होती. अण्णांचाही चेहरा बदलला. परशूने घोंगडी दोन्ही मुठींत घट्ट धरली आणि शिव्या ऐकत राहिला. माणुसकी नसलेला धडधाकट गडी म्हणून शिव्या खाणं त्याला अजूनही परवडत होतं.

तेवढ्यात शांती उठून आली.

"त्येंच्यानं उठवत न्हाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पाय गेल्यात त्येंचं. माझं मालक हायत ते."

तिने म्हातारीची ट्रंक उचलून फळीवर टाकली. परशूची मान खाली गेली होती. अण्णा आधी त्याच्याकडे, मग शांतीकडे, मग त्याने न सांगितलेल्या गोष्टीकडे बघत असावेत, असं त्याला वाटलं. अण्णा उठले, म्हातारीला स्वतःची जागा दिली आणि उभे राहिले. त्यांनी पुढे फराळाचा डबा उघडला तेव्हा दशमी परशूपुढे धरली नाही. शांतीला विचारलं, "बाई, यांना खायला चालतं ना?"

"त्येंनाच इचारा की," शांती म्हणाली. अण्णांनी विचारलं नाही.

घटप्रभेच्या आसपास चहाने आपलं काम केलं. परशूने दात आवळले. रुळांचा प्रत्येक सांधा पोटात लागत होता. शांती दहा-बारा हातांवर होती. एक हाक मारायची, एवढंच. पण सकाळी जिला त्याने ओळख दिली नव्हती तिला आता कुठल्या तोंडाने बोलवायचं? त्याने ठरवलं, मिरजेपर्यंत काढायचं. मग ठरवलं, पुढच्या स्टेशनपर्यंत.

शांतीने त्याचा चेहरा बघितला असेल. ती आली, त्याच्याकडे पाठ करून खाली बसली आणि म्हणाली, "चला."

त्याने तिच्या गळ्यात हात टाकले. म्हातारी पुढे झाली आणि "सरा रे, वाट द्या" म्हणत ट्रंका, पाय, पोरं बाजूला सारू लागली. सात-आठ पावलांची वाट. पण मधे एका माणसाचं पोतं अडकलं होतं, ते उचलेपर्यंत उशीर झाला. शांतीच्या पाठीवरच धोतर भिजलं. तिचं लुगडंही भिजलं. तिला ते कळलं, आणि ती तशीच पुढे चालत राहिली.

आत तिने त्याला भिंतीशी टेकवलं, धोतर सोडलं, नळाखाली पिळलं. दुसरं धोतर गाडुल्यासोबत सामानाच्या डब्यात टाकलेल्या पेटीत होतं. गाठोड्यात तिचं एक जुनं हिरवं लुगडं होतं, ते तिने त्याच्या कमरेला गुंडाळलं. तो म्हणाला, "शांते, मघाशी मी..."

"हात वर करा," ती म्हणाली. "गाठ मारू दे."

तो परत बाकावर आला तो हिरव्या लुगड्यात. कुणी हसलं नाही. सगळे खिडकीबाहेर बघत होते, आणि ते हसण्यापेक्षा जड होतं. मिरजेला अण्णा उतरले. उतरताना शांतीला म्हणाले, "सांभाळून जा, बाई." परशूने मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं. ही माझी बायको आहे, मी सकाळी तुम्हाला फसवलं. अण्णा फलाटावर दिसत होते तोवर ते त्याच्या तोंडात होतं. मग गाडी सुटली.

पुण्यात संस्थेतली माणसं चांगली होती. माप घेतलं, आठ दिवस ठेवून घेतलं, खुर्ची दिली. परतीच्या गाडीत परशू बाकावर बसला रे बसला की शेजारच्याला सांगायचा, "मला पाय न्हाईत. ही माझी बायको, शांती." मिरजेला नवीन माणसं चढली, त्यांना सांगितलं. बेळगावला सांगितलं. खानापूरला एका फकिराला सांगितलं.

शांती शेवटी कंटाळून म्हणाली, "गप बसा की जरा. लोकांनी इचारलंय काय?"

घराकडे, वाडीच्या वाटेवर खुर्ची चालत नव्हती. दगड आणि मुळं. खुर्ची कान्हूच्या बैलगाडीतून मोठ्या रस्त्यापर्यंत जायची, मग परशू रस्त्याकडेला दावी, कासरे घेऊन बसायचा. लॉरीवाले थांबायचे, त्याच्याशी बोलायचे. पुण्याच्या प्रवासाचं कुणी विचारलं तर तो खुर्चीचं सांगायचा, पर्वतीचं सांगायचा, संस्थेतल्या डाळीत गूळ घालतात हे सांगायचा. डब्यातलं कधी सांगितलं नाही. शांतीनेही चार वर्षांत ते कधी काढलं नाही, आणि तेच त्याला लागायचं. भांडणात तरी तिने एकदा ते तोंडावर मारावं असं त्याला वाटे.

सदुसष्टच्या पावसाळ्यात शांती तापाने पंधरा दिवस अंथरुणाला खिळली. परशू चुलीशी बसून पेज करायचा, सरकत सरकत तिच्यापर्यंत न्यायचा. तिचा ताप उतरला त्या दुपारी त्याने विचारलं.

"लोंढ्याला त्या शेट्यानं तुला पानी आणायला सांगितलं... तवा तुला काय वाटलं?"

शांतीने पेजेचा घोट गिळला.

"तुमी मुकादम हाय म्हणालासा, ते मी दारातनं ऐकलं हुतं," ती म्हणाली. "तवा मला बरं वाटलं. किती दिसांनी तुमचा आवाज तसा ऐकला. पुढचं न्हाई बरं वाटलं."

"माझं चुकलं, शांते."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं."

आणखी काही ती म्हणेल म्हणून तो बसून राहिला. तिने ताट त्याच्याकडे सरकवलं आणि भिंतीकडे कूस करून झोपली. परशूने ताट मांडीवर ठेवलं, ठोकळे हातात धरले आणि चुलीकडे परत सरकू लागला.