हळदीच्या गावी ढग मागायला

हिंगोलीच्या स्टेशनावर मी गाडीत चढलो तेव्हा माझ्या एका हातात कॅमेरा होता आणि दुसऱ्या हातातही तोच कॅमेरा होता. तो मी दोन्ही हातांनी धरला होता, त्यामुळे पिशवी दातात धरावी लागली. पिशवीतून तोंड सुटेपर्यंत मला कुणाशी बोलता आलं नाही, आणि त्यामुळे खिडकीची जागाही गेली.

कॅमेरा माझा नव्हता. आमच्या घराण्यात कॅमेरा सोडाच, कॉलेजात गेलेला माणूससुद्धा मीच पहिला. हा कॅमेरा कॉलेजच्या छायाचित्रण मंडळाचा. मंडळात कॅमेरा एक आणि तो वर्षभर आपल्याकडे राहावा असं वाटणारे दोघे: एक मी, आणि दुसरा एक मुलगा, ज्याच्या घरी टेबलावर ठेवायचा पंखा होता. सरांनी अट घातली होती. दोघांनी एकेक रोल काढायचा, म्हणजे बारा फोटो. विषय ढग. ज्याचा फोटो फळ्यावर लागेल, त्याला वर्षभर कॅमेरा. त्या मुलाचा रोल आदल्या आठवड्यात काढून झाला होता आणि त्यातला एक फोटो बरा आलाय अशी कुजबुज होती.

सरांनी निघताना मला तीन गोष्टी सांगितल्या. एक, प्रत्येक फोटोनंतर रीळ पुढे फिरवायचं. दोन, नुसतं आकाश काढायचं नाही, पुढच्या बाजूला काहीतरी हवं, नाहीतर बघणाऱ्याचा डोळा उभा कुठे राहणार? तीन, काळ्यापांढऱ्या फिल्मवर आकाश आणि ढग दोन्ही पांढरेच येतात; ढग उठून दिसायला भिंगापुढे पिवळी काच लावायची. लाल काच लावली तर आकाश आणखी काळं होतं, पण ते आपल्यासारख्यांचं काम नाही.

पिवळी काच हिंगोलीत मिळाली नाही. फोटोच्या दुकानदाराने ती औरंगाबादहून मागवावी लागेल असं सांगितलं आणि तोवर मला पिवळा रुमाल दाखवला.

पुढच्या बाजूला ठेवायला काय घ्यावं, हे मात्र मी ठरवलं होतं. वसमतजवळ माझे मामा राहतात. फाल्गुनात त्यांच्याकडे हळद शिजत असते. जाळ, वाफ, माणसं, आणि वर ढग. फक्त ढगांचंच अजून ठरायचं होतं.

गाडीत समोर फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ होते. ते बराच वेळ माझ्या मांडीकडे बघत होते.

"डबा हाये का?"

"कॅमेरा आहे."

"मंग उघडा की. बघू द्या आत कोनाकोनाचे फोटू हायेत."

मी त्यांना समजावलं, की आतली फिल्म उजेड लागला की जाते. उघडलं तर काहीच उरत नाही.

"आमच्या सुनेचं तुपाचं गाडगं तसंच हाये," ते म्हणाले. "उघडलं की काईच नसतंय."

मला ते आवडले. पहिला फोटो मी त्यांचाच काढला. त्यांनी फेटा नीट केला, मिशा नीट केल्या, खाकरून गळाही नीट केला. मी कळ दाबली. पुढच्या स्टेशनावर ते उतरून गेल्यावर मला भिंगावरचं झाकण दिसलं. ते भिंगावरच होतं. नवशिक्या बंधूंना माझी विनंती आहे, की समोरचा माणूस तयार आहे का हे बघण्याआधी आपण तयार आहोत का ते बघावं.

वसमतहून मामांचं गाव दीड कोस. चालताना दोन्ही बाजूंना कापलेले हळदीचे मळे होते. गावाच्या अलीकडूनच शिजल्या हळदीचा वास येतो, ओल्या मातीत कुणी औषध कालवल्यासारखा. मामा खळ्याच्या कडेला बाजेवर बसले होते. उजवा पाय उशीवर, त्यावर फडक्याचा हा मोठा गठ्ठा.

"या भाचेबुवा! जयभीम."

"जयभीम मामा. पायाला काय झालं?"

"हळदीच्या पोत्यावरून पडलो. आता हळदच बांधली. तिनंच मारलं, तिनंच तारायचं."

तिकडे गयामामी काहिलीपाशी (हळद शिजवायच्या भल्या मोठ्या कढईपाशी) उभ्या होत्या. जाळ हळदीच्याच वाळल्या पाल्याचा. मामींनी घाम पुसत विचारलं, "मामा म्हनले, फोटू काढायला येऊन राहिला. कशाचा रं?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "ढगांचा. दोन दिवसांत चांगले ढग आले तर फार बरं होईल."

काहिलीतला झारा थांबला. पाला घालणाऱ्या दोन बाया थांबल्या. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी मोठ्याने पुन्हा सांगितलं. "ढग! भरपूर!"

मग मी भोवताली पाहिलं. खळ्यावर, अंगणात, चटयांवर, सगळीकडे शिजवलेली हळद वाळत पडली होती. उघडी. पाण्याचा थेंब लागला की तिचा रंग जातो, आणि रंग गेला की हळदीत राहतं काय?

"आरं लेकरा," मामी म्हणाल्या, "आमचं सारं वरीस इथं वाळत पडलंय, अन् तू ढग मागून राहिलास? साळंत हेच शिकवतेत काय?"

"साळा न्हाई, कॉलेज हाये ते," मामा बाजेवरून म्हणाले. "तिथं मोठं मोठं शिकवतेत. वरच्या वर्गात पूर मागतेत."

मी फार ओशाळलो. त्यानंतर मी ढगांचं नाव काढलं नाही. मनात मात्र इच्छा होतीच, पण मी ती बेताची केली. ढग यावेत, पण थोडे, पांढरे, आणि मामांच्या शिवाराच्या बाहेर.

पिवळ्या काचेची अडचण मात्र त्या गावात अडचणच उरली नाही. फुटक्या बॅटरीची गोल काच मामांनी दिली. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवला, त्यात हळद कालवली, फडक्यातून तीनदा गाळली आणि काचेवर पातळ थर दिला. पहिल्या खेपेला काच धिरड्यासारखी दिसली. दुसऱ्या खेपेला ती चांगली पारदर्शक पिवळी झाली. सायकलच्या ट्यूबचं कडं कापून ती भिंगापुढे बसवली. औरंगाबादला ती किती दिवसांनी मिळाली असती कोण जाणे.

मामी मात्र सगळं बघून म्हणाल्या, "आता क्यामेऱ्याला बी हळद लावली. लगीन कोनासंगं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण गाव धुऊनपुसून खळ्यावर आलं. मला कामात असलेली माणसं हवी होती. सरांच्या पुस्तकात तसंच लिहिलं होतं. पण पाला घालणाऱ्या बाईंकडे कॅमेरा केला की त्या पाला टाकून सरळ उभ्या राहत आणि हात मांडीला चिकटवत. शिवाय मनगटावर घड्याळ हवंच. घड्याळ गावात त्या वेळी एकच हजर होतं, मामांचं, आणि ते बंद होतं. माझ्या सात फोटोंत सात मनगटं वेगळी आहेत, पण सगळ्यांत सव्वाचारच वाजले आहेत.

दोन फोटो वाफेत गेले. काहिलीजवळ गेलं की काचेवर दंव धरतं, हे मला भात खाताना चष्मा लावणाऱ्या सरांकडे बघून कळायला हवं होतं. एक फोटो मामींचा काढला, बाजेवर बसलेल्या. त्यानंतर काहिलीचा काढला. मध्ये रीळ फिरवायचं राहिलं. हे मला तेव्हा कळलं नाही. काहिलीनंतर मात्र रीळ पुढे सरकवून मागच्या लाल खिडकीत पाहिलं, तर आकडा बारा. एकच फोटो उरला होता, आणि ढग एकही नव्हता.

दुपारी ते आले.

वसमतच्या बाजूने वर चढत, एकावर एक, पिंजलेल्या कापसाच्या गंजीसारखे. खालून काळसर, वरून इतके पांढरे की बघवत नव्हतं. तसे ढग मी परत पाहिलेले नाहीत. मी काच बसवली, झाकण काढलं (काढलं, हे मुद्दाम सांगतो) आणि कॅमेरा डोळ्याला लावला. पुढच्या बाजूला काय घ्यावं हे शोधत होतो, तेवढ्यात मामी ओरडल्या.

"हळद! आरं हळद झाका!"

खळ्यावर पळापळ झाली. बाया गोण्या ओढू लागल्या, कुणी पाट्या भरू लागलं. ढग ठरल्यासारखा मधोमध आला होता. बोट कळीवर होतं. एक क्षणच लागणार होता. पण मामी एकट्याच ताडपत्री ओढत होत्या आणि ती वाऱ्याने त्यांनाच ओढत होती. मामा बाजेवरून उठायला बघत होते आणि पाय त्यांना उठू देत नव्हता.

मी कॅमेरा मामांच्या हातात दिला. "मामा, एवढा धरा फक्त. कशाला हात लावू नका."

"न्हाई लावत. पळ!"

मी पळालो. ताडपत्रीचं एक टोक मी डोक्यावर घेतलं, दुसरं मामींनी. आम्ही ती अंथरली आणि वर मीच आडवा झालो, दुसरं वजन सापडेना. मग पाऊस आला. मोजून पाच मिनिटं पडला. एका चटईची कड तेवढी भिजली. बाकी हळद कोरडी राहिली. ढग पुढे निघून गेले आणि लख्ख ऊन पडलं.

मामांकडे आलो तर ते कॅमेरा अंगापासून लांब धरून बसले होते.

"भाच्या," ते म्हणाले, "दाबलं गेलं."

"काय?"

"ते. कट् वाजलं. अन् त्याच्या आदी धुरळा जाऊ नये म्हून म्या काचंवर अंगठा धरला व्हता. पुसली बी. पर तुझी काच..."

मी काच पाहिली. मामांनी नुकतीच तंबाखू मळली होती. त्यांच्या अंगठ्याचा चुना माझ्या हळदीला लागला होता. पुढे काय झालं हे मराठी वाचकाला सांगायला नको. हळदीला चुना लागला की कुंकू होतं. काच जवळजवळ सगळी लालभडक झाली होती.

मी काच काढून खिशात ठेवली. परतीच्या गाडीत दोन हातांनी कॅमेरा धरायचं कारण उरलं नव्हतं. रोल संपला होता, आणि माझ्या मते माझं वर्षही.

चार दिवसांनी सरांनी मला बोलावलं. टेबलावर फोटो मांडले होते. पहिला काळा. त्यानंतर सव्वाचार वाजलेली माणसं. मामींचा आणि काहिलीचा फोटो एकच झाला होता: उकळत्या काहिलीत मामी पाय दुमडून बसल्या होत्या, चेहऱ्यावर पूर्ण समाधान. शेवटचा फोटो सरांच्या हातात होता.

आकाश काळंभोर. त्यावर ढग असे पांढरेशुभ्र, की कागदातून बाहेर येतील. खाली ताडपत्रीशी झुंजणारी मामी आणि डोक्यावर ताडपत्री घेतलेला मी, दोघेही तिरके. आणि सगळ्यांच्या पुढे, फोटोचा डावा कोपरा भरून, मामांचा फडक्यात बांधलेला पाय.

"लाल काच कुठे मिळाली?" सरांनी विचारलं. "आणि हा पाय! पुढच्या बाजूला काहीतरी हवं हे मी सतरा वेळा सांगतो, पण पाय घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. हा फोटो फळ्यावर लागेल."

मला फक्त गप्प बसायचं होतं. तेवढं केलं असतं तर कॅमेरा माझा होता. पण घराण्यातला पहिला म्हणून ज्या घरच्यांनी मला कॉलेजात पाठवलं त्यांनी खोटं बोलायला पाठवलं नव्हतं, आणि फोटोत मी स्वतःच ताडपत्रीखाली होतो, हेही होतंच.

"सर, हा मी काढलेला नाही. मामांनी काढला. चुकून. चुन्याने."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, पण चष्मा बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "अट स्पष्ट आहे. ज्याचा फोटो, त्याचा कॅमेरा. म्हणजे तुमच्या मामांचा. त्यांनी तुम्हाला सांभाळायला दिला, तर तसा अर्ज आणा."

पुढच्या रविवारी मी पुन्हा दीड कोस चाललो. मामींनी काहिलीतला फोटो बराच वेळ पाहिला. "व्हय, असंच असतंय आमचं," त्या म्हणाल्या. "बराबर आलाय." आणि तो त्यांनी भिंतीवर लावायला घेतला.

मामांनी ढगांचा फोटो उलटसुलट पाहिला. "पाय चांगला आलाय. पर हळद कोरडी राहिली ते ह्यात दिसंना."

मी अर्ज पुढे केला. मामांनी तो मांडीवर ठेवला.

"क्यामेरा घे तू. मला काय करायचा? पर एक हाये. हितं येऊन ढग मागायचे न्हाईत. मागायचेच असले तर आषाढात ये. तवा आमी बी मागत असतोय."

मी कबूल केलं. मामांनी अर्जावर अंगठा उठवला. तोच अंगठा, चुन्यासकट.

आता कॅमेरा माझ्या खोलीत आहे. नव्या छंदी मंडळींना सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. झाकण काढा, रीळ फिरवा, वाफेपासून लांब राहा, आणि साहाय्याला तंबाखू खाणारा माणूस मिळाला तर सोडू नका. फाल्गुनात हिंगोलीत कधी बाहेर पडलो आणि आकाश मोकळं दिसलं, की एखादा ढग हवासा वाटतोच. पण आधी मी मोंढ्याकडे, म्हणजे शेतमालाच्या बाजाराकडे, नजर टाकतो. तिथेही हळद उघडीच असते. मग मी झाकण लावून घरी येतो.